कर्मचाऱ्यांची खाती आणि प्रवेशाधिकार: पेरोलची थेट जोडणी, स्वतंत्र आयडेंटिटी सेवा की स्वतःच्या सर्व्हरवर कीक्लोक?

प्रश्न: कुपवाड_सिस्टिम

नमस्कार.

कुपवाड एमआयडीसीतील यंत्रभाग तयार करणाऱ्या एका कंपनीचा संगणक विभाग मी सांभाळतो. कंपनीचा दुसरा कारखाना साताऱ्याच्या अतिरिक्त एमआयडीसीत आहे. दोन्हीकडे मिळून संगणकावर लॉगिन असणारी माणसे सुमारे दीडशे भरतात. मशीनवरचे आणि ठेकेदाराकडचे कामगार त्यात धरलेले नाहीत. ॲक्टिव्ह डिरेक्टरीचा, म्हणजे संगणकावरची खाती आणि पासवर्ड एकत्र सांभाळणारा, विंडोज सर्व्हर कुपवाडला आहे, मेल गूगल वर्कस्पेसवर आहे, खरेदी, स्टोअर आणि उत्पादन ईआरपीनेक्स्ट या व्यवसाय-व्यवस्थापनाच्या सॉफ्टवेअरवर (ईआरपी) चालते, हिशेब टॅलीत आहेत. याशिवाय ग्राहकांच्या तक्रारी, ड्रॉइंगची देवाणघेवाण, वाहनांच्या फेऱ्या अशा कामांसाठी वेबवर चालणारी पाच-सहा सॉफ्टवेअर वेगवेगळ्या विभागांनी आपापल्या सोयीने घेतलेली आहेत.

सध्या कोणी रुजू झाले की एचआरकडून मेल येतो आणि मी प्रत्येक ठिकाणी हाताने खाते उघडतो. माणूस सोडून गेला की नो ड्यूजचा, म्हणजे काही देणे बाकी नसल्याचा, फॉर्म फिरत फिरत सर्वांत शेवटी माझ्या टेबलावर येतो. यंदा ऑडिटरांनी कोणाला कशाचा प्रवेश आहे याची यादी मागितली, आणि ती तयार करताना असे दिसले की कंपनी सोडून गेलेल्या काही जणांची खाती दोन-तीन सॉफ्टवेअरांत अजून चालू आहेत. आता व्यवस्थापनाने हे काम जोडणीने, म्हणजे आपोआप, व्हावे असे सांगितले आहे.

माझ्यापुढे तीन प्रस्ताव आहेत. पहिला आमच्या पेरोल सॉफ्टवेअरच्या विक्रेत्याचा: त्यांचीच जोडणी घेऊन पेरोलमधून थेट गूगल वर्कस्पेसमध्ये खाती उघडायची आणि बंद करायची. दुसरा म्हणजे मध्ये एक स्वतंत्र आयडेंटिटी सेवा, म्हणजे सर्वांची खाती आणि लॉगिन एका जागेवरून सांभाळणारी सेवा घ्यायची, जसे ओक्टा, जंपक्लाउड, मायक्रोसॉफ्ट एंट्रा आयडी किंवा झोहो डिरेक्टरी, आणि बाकी सारे तिच्याशी जोडायचे. तिसरा आमच्या एका तरुण सहकाऱ्याचा आहे: कीक्लोक हे लॉगिन सांभाळणारे मोफत सॉफ्टवेअर आपल्याच सर्व्हरवर बसवायचे, म्हणजे लायसन्सचा खर्च राहणार नाही. यांपैकी काय निवडावे, आणि निवडण्यापूर्वी नेमके काय तपासून घ्यावे? ज्यांनी अशा जोडण्या प्रत्यक्ष चालवल्या आहेत त्यांचे मत हवे आहे.


उत्तर १: सातारा_ॲडमिन

विक्रेते या तिन्ही प्रस्तावांचे प्रात्यक्षिक देताना नवीन माणूस रुजू होताना दाखवतात: एचआरने नाव टाकले, दोन मिनिटांत मेल उघडला, सगळे खूश. माझ्या मते त्या प्रात्यक्षिकावर निवड करू नये. रुजू होणाऱ्या माणसाचे खाते उघडले नाही तर तो स्वतःच तुमच्या दारात येऊन उभा राहतो. सोडून गेलेल्याचे खाते बंद झाले नाही तर सांगायला कोणीच येत नाही. त्यामुळे निवडीची कसोटी एकच ठेवावी: माणूस गेला, किंवा स्टोअरमधून खरेदी विभागात बदलला, तर प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये काय होते आणि किती वेळाने होते.

इथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि विक्रेते त्या हमखास एकत्र करून सांगतात. सॅमल आणि ओपनआयडी कनेक्ट या पद्धती लॉगिनच्या क्षणी समोरचा माणूस कोण, एवढेच सांगतात. खाते असावे की नसावे, चालू असावे की बंद, कोणत्या गटात असावे, हे कळवण्याची प्रमाणित पद्धत म्हणजे स्किम. तिची दुसरी आवृत्ती २०१५ मध्ये प्रमाण म्हणून प्रसिद्ध झाली. ज्या सॉफ्टवेअरला फक्त सॅमल येते, तिथे पहिल्या लॉगिनला खाते आपोआप तयार होण्याची सोय पुष्कळदा असते, पण माणूस गेल्यावर ते खाते आत तसेच पडून राहते. त्याला नव्याने आत येता येत नाही, हे खरे. तरीही त्याच्या मोबाइलमधील ॲपचे आधीपासून चालू असलेले सत्र, त्याने स्वतःच्या नावावर काढलेली एपीआय की (एका प्रोग्रामला दुसऱ्यात शिरू देणारी गुप्त किल्ली), आणि जुना थेट पासवर्ड चालू ठेवला असेल तर तो मार्गही, शिल्लक राहतो. शिवाय त्या खात्याचे पैसे दर महिन्याला लागतच राहतात.

म्हणून आधी तुमच्या सर्व सॉफ्टवेअरांची यादी करा आणि प्रत्येकापुढे तीन गोष्टी लिहा: सॅमल किंवा ओपनआयडी आहे का, स्किम आहे का, आणि असल्यास तुम्ही घेतलेल्या प्लॅनमध्ये आहे का. तिसऱ्या रकान्याकडे लोक दुर्लक्ष करतात. पुष्कळ कंपन्या या सोयी फक्त वरच्या प्लॅनमध्ये देतात, आणि सेवेच्या किमतीपेक्षा बाकीच्या सॉफ्टवेअरांचे प्लॅन वाढवण्याचा खर्च जास्त होऊ शकतो. दीडशे माणसांच्या कंपनीत हा हिशेब कागदावर मांडल्याशिवाय दुसऱ्या प्रस्तावावर सही करू नये.

पेरोलच्या थेट जोडणीबद्दल माझा आक्षेप तांत्रिक नाही. आपल्याकडच्या बहुतेक कारखान्यांत पेरोलमध्ये माणसापुढे ‘लेफ्ट’ ही नोंद पगार काढताना किंवा फुल अँड फायनलच्या वेळी होते. म्हणजे माणूस पाच तारखेला गेला तरी नोंद महिनाअखेरीस. जोडणी बिनचूक चालेल, पण तीन-साडेतीन आठवडे उशिरा. तुमच्या एचआरकडे जाऊन मागील काही राजीनाम्यांचा अखेरचा कार्यदिवस आणि पेरोलमध्ये नोंद झाल्याची तारीख शेजारी शेजारी ठेवून पाहा, लगेच लक्षात येईल. यावर उपाय सॉफ्टवेअरमध्ये कमी आणि कामाच्या रीतीत जास्त आहे. राजीनामा मंजूर होताच ‘अखेरचा कार्यदिवस’ हा रकाना भरला गेला पाहिजे, जोडणीने तो वाचून त्या दिवशी संध्याकाळी खाते बंद केले पाहिजे, आणि एखाद्याला तडकाफडकी कमी केले तर एचआरला पेरोलची वाट न पाहता खाते थांबवता यावे असा वेगळा मार्ग असला पाहिजे. जी जोडणी पुढची तारीख वाचू शकत नाही, ती मी पहिल्याच फेरीत बाद करेन.

आता वेळेबद्दल. एंट्रा आयडीचे स्वयंचलित खाते-व्यवस्थापन साधारण चाळीस मिनिटांच्या फेऱ्यांनी चालते, म्हणजे ‘लगेच’ या शब्दाचा अर्थ तिथे चाळीस मिनिटे असा घ्यायचा. तुमच्या ॲक्टिव्ह डिरेक्टरीत खाते बंद केले तरी आधी मिळालेल्या कर्बेरोस तिकिटावर, म्हणजे लॉगिन झाल्यावर मिळणाऱ्या तात्पुरत्या प्रवेशपासावर, सामायिक फोल्डर काही काळ उघडत राहू शकतो. तिकिटाची मूळ मुदत दहा तासांची असते. फायरवॉलवरून आधीच जोडलेले व्हीपीएनही (बाहेरून कंपनीच्या जाळ्यात येण्याची सुरक्षित जोडणी) तुटेपर्यंत चालू राहू शकते. त्यामुळे निवड करण्यापूर्वी एक चाचणी जरूर घ्या. एक खोटा कर्मचारी तयार करून त्याला सर्व ठिकाणी प्रवेश द्या. एका फोनवर मेल आणि तक्रारींचे ॲप, लॅपटॉपवर ईआरपीचे पान, व्हीपीएन आणि सामायिक फोल्डर उघडे ठेवा. मग मूळ नोंदीत त्याला बंद करा आणि काय कधी बंद पडते ते घड्याळ लावून लिहून काढा. तो एक कागद विक्रेत्याच्या सगळ्या माहितीपत्रकांपेक्षा उपयोगी पडतो, आणि विक्रेत्याला ही चाचणी त्याच्याच लोकांसमोर करायला लावली तर आणखी उपयोगी.

माझा कल विचाराल तर दुसऱ्या प्रस्तावाकडे आहे, पण लगेच नाही. आधी ॲक्टिव्ह डिरेक्टरी ते गूगल हा दुवा नीट बसवा. गूगलचे क्लाउड डिरेक्टरी सिंक त्यासाठीच आहे. ते एकाच दिशेने चालते: ॲक्टिव्ह डिरेक्टरीतील बदल गूगलमध्ये जातात, उलट नाही. सेटिंगमध्ये, डिरेक्टरीत न सापडलेली खाती हटवायची की स्थगित करायची असे विचारले जाते. तिथे स्थगितच निवडा. गूगलमध्ये हटवलेले खाते २० दिवसांपर्यंत परत आणता येते, त्यानंतर त्या माणसाच्या ड्राइव्हमधील फाइलीही गेल्या. मात्र स्थगित खात्याचेही लायसन्स मोजले जाते, म्हणून फाइलींची मालकी विभागप्रमुखाकडे देऊन मगच खाते हटवण्याचा क्रम ठरवून ठेवा. पासवर्डसाठी गूगलचे पासवर्ड सिंक वेगळे बसवावे लागते, तेही बदल करता येणाऱ्या प्रत्येक डोमेन कंट्रोलरवर (ॲक्टिव्ह डिरेक्टरी चालवणाऱ्या सर्व्हरवर), आणि ते फक्त त्यानंतर बदललेले पासवर्डच पाठवते, जुने नाही. बसवल्यावर सर्वांना एकदा पासवर्ड बदलायला सांगावे लागते आणि त्या दिवशी फोन उचलायला एक माणूस जास्त ठेवावा लागतो.


उत्तर २: मिरज_रुग्णालय_आयटी

वरील उत्तराशी मी बव्हंशी सहमत आहे. फक्त पेरोल किंवा ॲक्टिव्ह डिरेक्टरी हीच मूळ नोंद धरली तर काय निसटते, ते सांगावेसे वाटते. आमच्या रुग्णालयात मानद डॉक्टर, प्रशिक्षणार्थी परिचारिका, बाहेरच्या प्रयोगशाळेची माणसे आणि ठेकेदाराकडचे बिलिंग कर्मचारी पेरोलमध्ये नसतात, पण रुग्णांच्या नोंदी पाहण्याचा अधिकार मात्र त्यांच्याकडे असतो. कारखान्यात ही जागा ठेकेदाराचे स्टोअरमधील लोक, तुमचे सनदी लेखापाल, ईआरपी बसवून देणारे सल्लागार आणि यंत्र दुरुस्तीसाठी दूरून जोडणारे तंत्रज्ञ घेतात. जोडणी कितीही चांगली असली तरी ज्याची मूळ नोंदच नाही त्याचे खाते ती बंद करणार नाही. अशा प्रत्येक खात्याला एक जबाबदार कायम कर्मचारी आणि संपण्याची तारीख असल्याशिवाय खाते उघडायचेच नाही, असा नियम आम्ही केला आहे. तारीख वाढवायची असेल तर त्या जबाबदार माणसाने लेखी मागायची. सुरुवातीला कुरकूर झाली, पण ज्या खात्यांसाठी कोणी मागणीच केली नाही ती आपोआप गळून पडली.

दुसरा मुद्दा सामाईक लॉगिनचा. ‘स्टोअर१’, ‘गेट’, ‘अकाउंट्स’ अशी खाती प्रत्येक ठिकाणी असतात आणि त्यांचा पासवर्ड मॉनिटरच्या कडेला चिकटवलेला असतो. यांपुढे कोणतीही जोडणी हात टेकते, कारण एक माणूस गेला म्हणून बाकी तिघांचे लॉगिन बंद करता येत नाही. आपली कंपनी प्रायव्हेट लिमिटेड असेल तर टॅलीच्या बाबतीत याला कायद्याची बाजूही आहे. १ एप्रिल २०२३ पासून सुरू झालेल्या आर्थिक वर्षांसाठी कंपन्यांच्या लेखा सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक नोंदीतील बदलाचा माग राहणे बंधनकारक आहे. तो माग ‘अकाउंट्सने बदल केला’ एवढेच सांगत असेल, आणि ‘अकाउंट्स’ म्हणजे चार माणसे असतील, तर ऑडिटर त्यावर प्रश्न विचारणारच. टॅलीतील वापरकर्ते टॅलीतच सांभाळावे लागतील असे धरून चला, पण माणसागणिक वेगळे लॉगिन करा आणि बंद करायच्या यादीत टॅलीची ओळ हाताने करायचे काम म्हणून राहू द्या. सगळेच आपोआप व्हावे या हट्टात हाताने करायची कामे यादीतून गळतात, हा मला खरा धोका वाटतो.

लॉगबद्दलही विचारून घ्या. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार प्रणालींचे लॉग, म्हणजे कोणी कधी काय केले याच्या आपोआप होणाऱ्या नोंदी, १८० दिवस जपून ठेवावे लागतात. एंट्रा आयडीच्या मोफत पातळीवर लॉगिनच्या नोंदी ७ दिवस, आणि पैसे देऊन घेतलेल्या पी१ पातळीवर ३० दिवस राहतात. पुढच्या काळासाठी त्या बाहेर काढून साठवण्याची व्यवस्था आपणच करायची. कोणतीही सेवा घेतलीत तरी हा प्रश्न लेखी विचारावा.

आणि पेरोलमधून काय काय पाठवले जाते ते पाहा. खाते उघडायला कर्मचारी क्रमांक, नाव, विभाग, वरिष्ठ, रुजू होण्याची आणि सोडण्याची तारीख एवढे पुरते. आधार क्रमांक, बँक खाते, पगार यांपैकी काहीही त्या जोडणीतून जाता कामा नये. आमच्यासमोर आलेल्या एका जोडणीत मुळातच सर्व रकाने निवडलेले होते आणि नको असलेले एकेक करून काढावे लागले.


उत्तर ३: तासगाव_वेब

थोडे वेगळे मत मांडतो. दीडशे खात्यांना, आणि महिन्याला दोन-चार माणसे येत-जात असतील तर, आयडेंटिटी सेवा घेण्याची घाई कशाला? गूगल वर्कस्पेस स्वतःच सॅमलने इतर सॉफ्टवेअरांना लॉगिन देऊ शकते, आणि काही ठरावीक सॉफ्टवेअरांत खाती आपोआप उघडण्याची-बंद करण्याची सोयही त्यात आहे. तुमच्या प्लॅनमध्ये किती सॉफ्टवेअरांसाठी आहे तेवढे पाहून घ्या. म्हणजे तुम्ही आधीच पैसे भरत असलेल्या गोष्टीत अर्धे काम होते. उरलेल्यासाठी एक एक्सेल शीट आणि एचआरशी आठवड्याला एक बैठक. नवीन सेवा घेतली की तिची देखभाल, तिचे ॲडमिन, तिचे नूतनीकरण हेही मागे लागते. सेवा विकणारा विकून जातो, ती निस्तरणारा इथे कुपवाडातच असतो.


कुपवाड_सिस्टिम

सर्वांचे आभार. एचआरकडून तारखा मागवल्या. सातारा_ॲडमिन यांनी म्हटले तसेच निघाले, ‘लेफ्ट’ची नोंद जवळपास प्रत्येक वेळी पगाराच्या आठवड्यातच झालेली आहे. पेरोलची थेट जोडणी त्यामुळे तूर्त बाजूला ठेवली आहे.

दोन गोष्टी अजून विचारायच्या आहेत. कीक्लोकबद्दल कोणीच काही लिहिले नाही. सहकारी त्याबाबत आग्रही आहे आणि त्याला नुसते नाही म्हणणे मला पटत नाही. दुसरे, ईआरपीनेक्स्टमध्ये खाते बंद होण्याचे काम कसे जोडावे? आणि ठेकेदाराकडून आलेला माणूस पुढे कायम होतो, किंवा सोडून गेलेला वर्षभराने परत येतो, तेव्हा जुने खाते आणि नवी नोंद यांची सांगड कशाच्या आधारे घालावी?


उत्तर ४: सातारा_ॲडमिन

कीक्लोक उत्तम आहे, आणि तुमच्या सहकाऱ्याला तसे जरूर सांगा. ॲक्टिव्ह डिरेक्टरीतील वापरकर्ते ते वाचू शकते, सॅमल आणि ओपनआयडी कनेक्ट दोन्ही देते, आणि परवान्याचे पैसे नाहीत. पण दुसऱ्या सॉफ्टवेअरांना स्किमने खाती बंद करायला कळवण्यासाठी प्रामुख्याने बाहेरच्यांनी लिहिलेल्या विस्तारकांवर अवलंबून राहावे लागते, आणि कीक्लोकच्या नव्या आवृत्त्या वरचेवर येत असल्याने प्रत्येक वेळी ते विस्तारक चालतात की नाही हे तपासणे तुमच्या गळ्यात पडते. म्हणजे ज्या कामासाठी तुम्ही हे सगळे करीत आहात त्याच कामात ते अपुरे पडते.

दुसरी अडचण जागेची आहे. लॉगिनचा सर्व्हर कुपवाडला असेल तर तिथली वीज किंवा लाइन गेल्यावर साताऱ्याच्या कारखान्यातही कोणाला ईआरपीत शिरता येणार नाही, जरी ईआरपी स्वतः व्यवस्थित चालू असली तरी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेने सांगलीत आयर्विन पुलाजवळ ४५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली, तेव्हा शहरातील वीज आणि दळणवळण कसे विस्कळीत झाले होते ते तुम्ही माझ्यापेक्षा जवळून पाहिले असेल. कुपवाडला पाणी येवो न येवो, वीज आणि लाइन जाऊ शकतेच. कीक्लोक बसवायचेच असेल तर ते बाहेरच्या डेटा सेंटरमध्ये, दुसऱ्या प्रतीसह बसवा, आणि मग त्या भाड्याचा व सांभाळणाऱ्याच्या वेळेचा हिशेब सेवेच्या लायसन्सशेजारी मांडा. तो सहकारी उद्या पुण्याला नोकरीला गेला तर कोण पाहणार, हा प्रश्न त्याच्यासमोरच विचारा. त्याला राग येणार नाही, त्यालाही तो पडलेला असेल.

तासगाव_वेब यांचे म्हणणे मी खोडून काढणार नाही. माझ्या मते योग्य क्रम हाच: पहिले वर्ष गूगल वर्कस्पेसलाच लॉगिनचा केंद्रबिंदू करा, ॲक्टिव्ह डिरेक्टरीचे सिंक चालू ठेवा, यादी नीट करा. वर्षभराने स्किम येणारी सॉफ्टवेअर चार-पाचच्या वर गेली तर स्वतंत्र सेवा घ्या. तोवर एक पथ्य पाळा. गूगलमध्ये लॉगिनसाठी जे सॅमल प्रमाणपत्र (दोन सॉफ्टवेअरांनी एकमेकांना ओळखण्याची डिजिटल खूण) तयार होते त्याची मुदत ५ वर्षे असते, एंट्रामध्ये मुळात ३ वर्षे. ते संपले की एका सकाळी कोणीच कुठे शिरू शकत नाही. त्याची तारीख, आणि जोडणीसाठी काढलेल्या प्रत्येक टोकनची, म्हणजे गुप्त किल्लीची, तारीख, दोघांच्या कॅलेंडरमध्ये टाका. शिवाय प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये एक ॲडमिन खाते सॅमलच्या बाहेर ठेवा, त्याचा लांबलचक पासवर्ड पाकिटात बंद करून तिजोरीत द्या. आणि जोडणी चालवणाऱ्या खात्याला सुपर ॲडमिन, म्हणजे सर्वाधिकारी, करू नका; गूगलमध्ये फक्त वापरकर्ते उघडणे आणि स्थगित करणे एवढाच अधिकार असलेली वेगळी भूमिका तयार करता येते.

ईआरपीनेक्स्टला गूगलने किंवा एलडॅपने (ॲक्टिव्ह डिरेक्टरीतील खाती तपासण्याच्या पद्धतीने) लॉगिन देता येते, तो भाग सोपा आहे. बंद करण्यासाठी त्याच्या एपीआयचा, म्हणजे बाहेरच्या प्रोग्रामने त्याला सूचना देण्याच्या सोयीचा, उपयोग करा. वापरकर्त्याच्या नोंदीत ‘सक्रिय’ असा एक रकाना आहे, तो शून्य करणारी छोटी स्क्रिप्ट रोज रात्री ॲक्टिव्ह डिरेक्टरीतील बंद खात्यांची यादी घेऊन चालवली की पुरते. स्क्रिप्टमध्ये एक अडसर मात्र जरूर घाला: एका फेरीत ठरावीक संख्येपेक्षा जास्त खाती बंद करायची वेळ आली तर काहीही न करता तुम्हाला मेल पाठवायचा. डिरेक्टरीतून यादी अर्धवट आली तर सकाळी निम्मा कारखाना बाहेर राहू नये. गूगलच्या सिंकमध्येही अशी मर्यादा असते आणि बदल प्रत्यक्ष करण्याआधी काय होईल ते दाखवणारी तालीमही चालवता येते. ती दर वेळी सेटिंग बदलल्यावर पाहा. विभाग बदलणाऱ्यांसाठी मात्र स्क्रिप्टवर विसंबू नका. नव्या विभागाची भूमिका मिळते, जुनी निघत नाही, आणि खरेदीची मागणी करणारा व तीच मंजूर करणारा एकच माणूस होऊन बसतो. हे तिमाहीला विभागप्रमुखांकडून यादीवर सही घेऊनच सुटते.

सांगड घालण्याबद्दल: ईमेल पत्ता आधार म्हणून कधीही धरू नका. लग्नानंतर आडनाव बदलते, एकाच नावाचे दोघे निघतात, आणि सोडून गेलेल्याचा पत्ता नव्या माणसाला दिला तर त्याला जुन्याचे अधिकार मिळू शकतात. पेरोलचा कर्मचारी क्रमांक चांगला, पण पुष्कळ पेरोलमध्ये परत आलेल्याला नवा क्रमांक देतात आणि ठेकेदाराच्या माणसाला क्रमांकच नसतो. म्हणून कायम असो वा ठेकेदाराचा, माणूस पहिल्यांदा फाटकातून आत आला तेव्हाच एचआरने एक व्यक्तिक्रमांक द्यावा, तो आयुष्यभर बदलू नये, दुसऱ्या कोणाला देऊ नये, आणि ॲक्टिव्ह डिरेक्टरीतील ‘एम्प्लॉयी आयडी’ या रकान्यात तोच भरावा. पेरोलचा क्रमांक त्याच्या शेजारी वेगळा राहू द्या. परत आलेल्या माणसाचे जुने खाते चालू करायचे तर त्याच्या सर्व जुन्या गटांतून त्याला आधी काढा, मग नवीन विभागाचे गट द्या. हे सिंक आपणहून करत नाही.


मिरज_रुग्णालय_आयटी

व्यक्तिक्रमांकाबाबत एक पुरवणी. बायोमेट्रिक हजेरीच्या मशीनमध्ये आधीच एक क्रमांक असतो आणि ठेकेदाराची माणसेही त्यात नोंदलेली असतात. आम्ही नवा क्रमांक न काढता तोच वापरायचा विचार केला होता, पण मशीनची जागा भरली की जुने क्रमांक नव्या लोकांना देण्याची पद्धत असल्याचे निघाले. तुमच्याकडे मशीन कोण सांभाळते आणि तो क्रमांक पुन्हा वापरला जातो का, हे एचआरशी बोलण्याआधी टाइम ऑफिसला विचारा.